सकाळी हातातून काही पडतं का?

आमच्या घरात दूध सांडलं की सगळं घर गोळा होतं. सासूबाई आधी ओरडतात, मग सांडल्या जागेला बोटं लावून कपाळाला लावतात, तांब्याभर पाणी ओततात आणि वरून माती टाकतात. त्या दुधावर कुणाचा पाय पडला तर शेळीची कास सुजते, असं त्यांचं म्हणणं. थोड्या शेळ्या, थोडी मेंढरं आणि सोयाबीन-तुरीचं कोरडवाहू रान असं आमचं घर, हिंगोलीकडच्या गोरेगावहून जीपनं थोडं आत. दूध निघतं ते चहापुरतं आणि पिलांच्या तोंडचं. त्यामुळं पोरीच्या हातातून सकाळी सकाळी दुधाचा गडू पडायला लागला तेव्हा घरात सगळ्यांचाच आवाज चढला. सगळ्यांत जास्त माझा.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे. शाळेवर, डॉक्टरवर, सासूवर, भावकीवर. ते सगळे चिडण्याच्याच लायकीचे आहेत, त्यात मी काही कमी करणार नाही. फक्त या यादीतून मी स्वतःला सोडलेलं नाही, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

पोरगी तेव्हा नववीत होती. आदल्या दिवशी नात्यातल्या लग्नाची हळद होती, नाचून-खिदळून पोरी उशिरा झोपल्या होत्या आणि मी तिला सकाळी ओढून उठवून शाळेत पाठवलं होतं. तासाभरात शाळेतून फोन आला, मुलगी प्रार्थनेला पडली, या. मी चुलीवरची भाकरी तशीच टाकून पळत गेले. ओट्यावर ती आडवी पडलेली. तोंडाला फेस, कपडे ओले, दातांत कुणीतरी लोखंडी किल्ली घातलेली आणि नाकाला बूट लावलेला. बूट धरून बसलेले गुरुजी मला म्हणाले, "घाबरू नका, वास घेतला की येती शुद्धीवर." मी तो बूट हिसकून मैदानात फेकला. किल्ली काढली तर तिच्या दाताचा टवका उडाला होता. पोरीच्या समोरच्या दाताची ती खाच आजही दिसते आणि ती हसली की मला गुरुजी आठवतात.

बाकीची सगळी शाळा गोल करून उभी होती. कुणी पोरांना वर्गात पिटाळलं नव्हतं. तिच्या ओल्या कपड्यांवर कुणी ओढणी टाकली नव्हती. मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "काही दिवस घरीच ठेवा. बाकीची लेकरं भेतात." माझं लेकरू भेलंय का, हे त्यांनी विचारलं नाही.

मग डॉक्टर. बाजाराच्या गावातले, गर्दी एवढी की लोक पायरीवर बसून असायचे. त्यांनी मान वर न करता लिहायला सुरुवात केली. पोरगी समोर बसलेली असताना तिचं वय मला विचारलं. मी विचारलं, "ह्याला काय म्हणायचं, डॉक्टर?" तर म्हणाले, "फिट म्हणायचं." एवढंच. गोळी लिहून दिली, दोन टायमाला, तीन वर्षं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तिला काय होतं, कधी होतं, आधी काय होतं, नंतर काय होतं, एक सवाल नाही. आमच्याकडं शेळी विकत घेताना माणूस याच्यापेक्षा जास्त चौकशी करतो.

गोळी मी घड्याळ लावून दिली. एक टाइम चुकवला नाही. आठवड्याभरानं तिला परत शाळेतही धाडलं. आणि गोळी सुरू झाल्यावर सकाळचं हातातून पडणं वाढलं. चहाची बशी हातातून उडून भिंतीला लागायची. केस विंचरताना फणी सटकन लांब जाऊन पडायची. एकदा घासच ताटाबाहेर उडाला. हे सगळं सकाळी, उठल्यापासून तास-दीड तासात. दुपारी तीच पोरगी सुईत दोरा ओवून द्यायची, एका फटक्यात. मी बारावी शिकलेली बाई. गावातल्या बायका मला गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचून घ्यायला बोलावतात. आणि मला या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघणं सुचलं नाही. मला वाटलं, पोरीचं ध्यान नाही. आजाराचं निमित्त करून कामं टाळायला शिकली.

तो दिवस मला वारासकट आठवतो. शुक्रवार. तिनं दोन्ही दुभत्या शेळ्या काढल्या होत्या, धारेचा गडू घेऊन उठली आणि चार पावलांवर तिचा हात खांद्यापासून उडाला. गडू लेंड्यांत जाऊन पडला. सासूबाईंनी ओरडायच्या आत मी ओरडले. ती म्हणाली, "मी मुद्दाम न्हाई केलं माय. हात आपोआप उडला."

"आपोआप कुणाचा हात उडतो का? काहून खोटं बोलून राहिली?"

"खरंच उडला."

मी तिच्या कानशिलात मारली. जोरात मारली. ती रडली नाही, गडू उचलून धुवायला घेऊन गेली. त्या दिवसापासून 'हात आपोआप उडला' हे वाक्य तिनं पुन्हा काढलं नाही. मला वाटलं, सुधारली.

दोन-अडीच महिन्यांत तिला आणखी दोनदा झटके आले. दुसऱ्या खेपेनंतर सासूबाईंनी नवस बोलला. खंडोबाचं जागरण घालायचं, पोरीच्या नावानं, आणि भंडाऱ्याचं ताट पोरीनं हातात धरायचं. सासूबाईंचं मला कळतं. त्यांच्या हातात दुसरं होतं काय? पण मी का हो म्हणाले? मी स्वतःला समजावलं, गोळी चालू आहे, देवही चालू असू दे, कुठं काय बिघडतंय. शिकल्या-सवरल्या बाईचा हा शहाणपणा. भावकीला निरोप गेले, मंडप पडला, वाघ्या-मुरळी आली. मी स्वतः पुरणाच्या जेवणाची तयारी केली आणि पोरीला ताकीद दिली, नवस तुझ्या नावाचा आहे, डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही. ती दोनदा पेंगली. दोन्ही वेळा मीच तिच्या डोळ्यांवर पाणी मारलं.

उजाडलं. शेवटची आरती झाली, तळी उचलायची वेळ आली. पोरगी हळदीच्या रंगाचं परकर-पोलकं घालून, भंडाऱ्यानं भरलेलं ताट दोन्ही हातांत धरून मंडपाच्या मधोमध उभी. येळकोट सुरू झाला. आणि तिचे हात उडाले. एकदा, दोनदा. ताट वर गेलं, भंडारा सगळ्या मंडपावर उधळला, पिवळा धूर झाला. लोकांनी आरोळी ठोकली. पुढच्या क्षणी ती ताठ होऊन मागं पडली आणि तिचं अंग झटके खायला लागलं.

"आलं! देवाचं वारं आलं!" कुणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडायला लागले. हलगी वाढली. मी तिच्याकडं धावले तर दोन बायकांनी मला दंडाला धरलं. "आता हात लावू नको, विटाळशील." माझी पोरगी माझ्या हातभर अंतरावर मातीत डोकं आपटत होती आणि मला तिला शिवायची बंदी होती. सासूबाई तिच्या पायांशी डोकं टेकवून रडत होत्या. एकामागून एक माणसं वाकून तिच्या अंगावर भंडारा टाकत होती, डोळ्यांत, नाकात, फेस आलेल्या तोंडात. मी एकीच्या हाताला कडकडून चावले तेव्हा माझी सुटका झाली. मी तिला कुशीवर केलं. तोंडातून हळद आणि रक्त एकत्र आलं.

बऱ्याच वेळानं ती शुद्धीवर आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "माय, जीभ दुखून राहिली." देव एवढंच बोलला.

एका चुलतदिरानं हे सगळं मोबाइलवर काढलं होतं. दुपारपर्यंत त्याला देवाचं गाणं लावून त्यानं ते भावकीच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते सेनगावला गेलं, हिंगोलीला गेलं, माझ्या माहेरी शिरड शहापूरला गेलं. माझ्या आईचा फोन आला, "पोरीवर देवानं किरपा केली म्हनं?" मी दिराच्या घरी जाऊन त्याला त्याच्या बायकोसमोर काय काय बोलले ते इथं लिहिता येत नाही. तो म्हणाला, "वैनी, तुमी उगं तापून राहिल्या. चांगलंच झालं ना. लोक पाया पडून राहिले पोरीच्या."

ते खरंच होतं. पुढच्या रविवारी सकाळी शेजारची बाई नारळ घेऊन दारात उभी. तिच्या सुनेला दिवस राहतात का, हे पोरीला विचारायचं होतं. सासूबाईंनी पोरीला न्हाऊ-माखू घालून देव्हाऱ्यापुढं बसवलेलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारी चार बायका आणि एक म्हातारा आला. म्हाताऱ्याचा बैल हरवला होता. मी गोठ्यातून ओरडले, "बैल शोधायचा तर रानात जा, इथं माझ्या लेकराच्या डोक्यात काय त्याचा कासरा बांधलाय?" सासूबाईंनी मला सगळ्यांदेखत गप्प केलं. सून म्हणून मी परत लेंड्या झाडायला लागले.

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर मी पोरीला म्हणाले, "पुढल्या रविवारी तू बसायचं न्हाई. मी बघते कोण बसवतंय ते."

ती शांतपणे म्हणाली, "बसू दे ना माय."

"काहून? तुला खरं वाटून राहिलं का हे?"

"न्हाई. मला काहीच म्हाईत नसतं, मी नुसती मान हलवते." मग खाली बघून म्हणाली, "शाळेत पडले तं समदे हासले. हितं पडले तं पाया पडतात. परत पडणारच हाय मी. मंग हितंच पडू दे."

मला इतका राग कधीच आला नव्हता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. चौदा वर्षांची पोरगी. तिनं गावाचं सगळं गणित बघून आपल्यासाठी त्यातल्या त्यात बरी जागा निवडली होती. मी तशीच उठले आणि अंगणात नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिले. तो पिलांना बाभळीचा पाला टाकत होता. माझा नवरा कमी बोलणारा माणूस, आईपुढं तर आणखी कमी. मी त्याला म्हणाले, "तुमच्या कळपातल्या मेंढीनं दोनदा गिरकी खाल्ली तर तुमी काय करता?"

"जनावराच्या डॉक्टरला फोन लावतो," तो म्हणाला.

"अन् पोरीला कितींदा आली गिरकी?"

तो पाला टाकायचा थांबला. मग म्हणाला, "नांदेडला मेंदूचा डॉक्टर हाय म्हनतात. उद्या पहिल्या जीपनं निघू. मायला मी सांगतो."

त्यानं आईला काय सांगितलं मला माहीत नाही. सोमवारी सासूबाईंनी आमच्याकडं पाठ करून शेळ्या काढल्या आणि आम्ही निघालो.

नांदेडचे डॉक्टर वयस्कर होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज बसलेला. मी आधीची चिठ्ठी पुढं केली आणि घडाघडा सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आई, तुम्ही जरा थांबा. ती सांगेल." पहिल्यांदा कुणीतरी पोरीकडं बघून बोलत होतं. त्यांनी विचारलं, कधी झोपतेस, कधी उठतेस, पडायच्या आधी कळतं का, लाइट चमकली की काही होतं का. ती बारीक आवाजात उत्तरं देत होती. मग ते मला म्हणाले, "झटका आलेला कुणी मोबाइलवर काढलाय का? असेल तर दाखवा. आम्हाला त्याचा फार उपयोग होतो."

मला लाज वाटली. नवऱ्यानं खिशातून मोबाइल काढला आणि भावकीच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ लावला. देवाचं गाणं तपासणीच्या खोलीत वाजायला लागलं. डॉक्टरांनी आवाज बंद केला. पूर्ण बघितला. मला वाटलं, आता हे हसणार, आपल्याला अडाणी म्हणणार, आणि मी भांडायच्या तयारीत बसले. पण त्यांनी तो परत सुरुवातीला नेला. पडण्याच्या आधीचा तुकडा पुन्हा बघितला. पुन्हा बघितला. ताट वर जातं तिथं बोट ठेवून थांबवला.

"हे ताट तिनं उधळलं की हातातून उडालं?"

नवरा मोबाइलवर वाकून बघायला लागला.

त्यांनी पोरीकडं बघितलं. "बेटा, घरी सकाळी हातातून काही पडतं का? कप, फणी, भांडं? हात असा झटकन उडतो का?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. एवढीशी नजर, लगेच खाली वळवली.

"न्हाई," ती म्हणाली.

"कधीच नाही?"

"न्हाई. कधीच न्हाई."

आणि त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला सगळं दिसलं. कितीतरी दिवसांपासून ती चहाची बशी उचलून पीत नव्हती, जमिनीवर ठेवून तोंड खाली नेऊन पीत होती. मी तिला त्यावरून कुत्र्यासारखी पिते म्हणून बोलले होते. धार काढायचं टाळून ती लेंड्या झाडायचं काम मागून घेत होती. वेणी शाळेत जाताना वाटेवर घालत होती. हातातून पडणं थांबलं नव्हतंच. तिनं माझ्यापासून ते लपवलं होतं आणि आता डॉक्टरपासूनही लपवत होती, कारण खरं बोललं की काय मिळतं ते मी तिला त्या शुक्रवारी शिकवलं होतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी जवळ ओढली. मला तेवढं कळलं की हे आता लिहायला लागले तर जुनीच गोळी लिहितील आणि आम्ही पुन्हा तिथंच येऊन पडू. नवरा माझ्याकडं बघत होता. मी गप्प राहिले असते तर कुणालाच काही कळलं नसतं.

"पडतं," मी म्हणाले. "रोज पडतं. सकाळीच. दूध पडतं, चहा पडतो, फणी उडते. ही गोळी सुरू झाल्यापासून जास्तच. तिनं मला सांगितलं होतं, हात आपोआप उडतो म्हणून. मी तिला खोटारडी म्हणाले. मी तिला मारलं, डॉक्टर."

शेवटचं वाक्य मी मोठ्यानं बोलले, रागावल्यासारखं, कारण मला हळू आवाजात ते बोलता आलं नसतं. पोरगी मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत होती. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त पेन ठेवलं आणि पोरीला म्हणाले, "तू खरं बोलली होतीस. हात आपोआपच उडतो. मेंदूतून तसा झटका येतो. तुझी चूक नाही."

मग डोक्याला चिकट मलम लावून तारा लावल्या, मेंदूचा आलेख काढला. कागदावर रेघा उठल्या, मधूनमधून एकदम टोकदार. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. हा अपस्मार, मिरगी, याचे पुष्कळ प्रकार असतात. हा वयात येताना सुरू होणारा प्रकार आहे. यात सकाळी उठल्यावर हातापायांना असे झटके येतात, लोक ते वेंधळेपणा समजून सोडून देतात. आधीची गोळी दुसऱ्या प्रकाराला चांगली, पण या प्रकारात तिनं झटके वाढू शकतात. एकदम बंद करायची नाही, नवी वाढवत जुनी कमी करायची. आणि झोप मोडली की हा आजार उसळतो. पूर्ण झोप हे निम्मं औषध.

मला लग्नाची हळद आठवली. मंडपात पेंगणारी पोरगी आठवली आणि तिच्या डोळ्यांवर पाणी मारणारा माझा हात. पहिल्या डॉक्टरनं एक सवाल विचारला असता तर हे सगळं टळलं असतं. फक्त एक. सकाळी हातातून काही पडतं का? हा सवाल विचारायला काही मशीन लागत नाही. त्यासाठी समोर बसलेल्या पोरीकडं मान वर करून बघावं लागतं, बस. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून मनातल्या मनात त्या माणसाला एवढ्या शिव्या घातल्या की औंढा मागं पडलेलं मला कळलंच नाही. शिव्या संपल्या तेव्हा त्या जागी मीच उरले होते. मी तर तिच्याकडं रोज बघत होते. मला तर तिनं न विचारताच सांगितलं होतं.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. "देवाच्या लेकराला सुया टोचून आणल्या का?" त्यांनी सुरुवात केली. मी म्हणाले, "आत्याबाई, पुढच्या रविवारी जो नारळ घेऊन येईल त्याच्याच डोक्यात मी तो फोडीन." त्याही काही कमी नाहीत. खूप वाजलं. सगळी आळी ऐकत होती. शेवटी त्या थकून खाली बसल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "देवाची म्हनलं तं लोक पाया पडतात, बाई. फेफऱ्याची म्हनलं तं तिला करून कोन घेईल?"

म्हातारी बाई नातीचंच भलं बघत होती आणि तिला त्यासाठी पोरीला देव करण्यावाचून दुसरी वाट दिसली नाही, अशा गावात आम्ही राहतो. याचा राग मला त्यांच्यावर काढता येत नाही, म्हणून तो माझ्याजवळच पडून आहे.

शाळेत गेले. मुख्याध्यापकांच्या टेबलावर डॉक्टरांचा कागद ठेवला आणि सोबत माझ्या हातानं मोठ्या अक्षरात लिहिलेला दुसरा कागद. कुशीवर करायचं. तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची. बूट पायातच ठेवायचा. "हा भिंतीवर लावा," मी म्हणाले. ते म्हणाले, "ते बुटाचं काढलं असतं तर..." मी म्हणाले, "ते राहू द्या." कागद अजून भिंतीवर आहे. बुटाचे गुरुजी त्याच्याखाली बसून डबा खातात.

नवी गोळी लागू पडली. एका दिवसात नाही, दोनदा मात्रा बदलली, मधे एकदा सकाळी हात उडाला, एकदा ती दारातच पडली. पण तिला आता लवकर कुणी उठवत नाही. शेळ्या मी काढते. ती उन्हं वर आल्यावर उठते, सासूबाई चुलीपाशी बसून 'महाराणी उठल्या' म्हणतात आणि तिच्या हातात चहा देतात. बशी अर्धीच भरतात. काहून, ते मी विचारत नाही.

दहावीची परीक्षा झाली त्यानंतरची गोष्ट. सुट्टी होती. हात उडून बरेच महिने झाले होते. एका सकाळी ती स्वतःहून गडू घेऊन शेळीपाशी बसली. मी लांबून बघत होते, बघत नसल्यासारखी. तिनं धार काढली, गडू घेऊन उठली आणि मोबाइलवर मैत्रिणीचा काही मेसेज आला तो एका हातानं वाचत वाचत चालायला लागली. दाव्यात पाय अडकला. दूध सगळं खाली.

मी धावत गेले. तिच्या हाताकडं बघितलं, डोळ्यांकडं बघितलं, तिला खाली बसवायला लागले. "बस, बस बाई, काही न्हाई झालं. हात उडला का? चक्कर येऊन राहिली का?"

"न्हाई माय. दावं लागलं पायात. मीच सांडलं."

"असू दे, असू दे. तू बस."

तिनं माझा हात बाजूला केला आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. चेहरा लाल झाला होता. माझ्यासारखाच दिसतो तिचा चेहरा, चिडली की.

"रागव ना," ती म्हणाली. "काहून न्हाई रागवून राहिली? माझं ध्यान नव्हतं, मी मोबाइल बघून राहिले होते. रागव. माझ्याकडं असं बघू नको, मी पडून राहिल्यावानी."

"डोळे काय कपाळात गेले होते का तुझे?" मी ओरडले. "दोन वेळचं दूध मातीत घातलंस! तो मोबाइल आधी उकिरड्यावर फेक! एवढी मोठी घोडी झाली तरी चालता येईना का सरळ?" मी बोलत सुटले. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी थांबत नव्हते. ती ऐकत होती, मान खाली, आणि तिच्या दातातली ती खाच मला दिसली, म्हणजे ती हसत होती.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "काय सांडलं गं?"

"दूध!" मी ओरडले. "तुमच्या नातीनं सांडलं! तिच्या चुकीनं सांडलं!"

पोरगी पाणी आणायला गेली.